बिनहाताचा मामा

आमच्या घरात निर्जीव अशी वस्तू शोधूनही सापडली नसती. छताला पंखा होता, पण तो नुसता पंखा नव्हता. तो आजोबा होता, कारण बटण दाबल्यावर तो आधी कण्हायचा आणि मग मनात आलं तर फिरायचा. अंगणातला हापसा हा आईचा दीर. त्याला आधी तांब्याभर पाणी पाजल्याशिवाय तो घोटभर पाणी द्यायचा नाही, आणि आईचे सख्खे दीरही अगदी असेच आहेत, असं तिचं म्हणणं होतं. रॉकेलचा स्टोव्ह म्हणजे सासरे. एकदम भडकायचे, एकदम विझायचे आणि मधल्या काळात नुसते फुरफुरत राहायचे. शिवणयंत्र मात्र आईची धाकटी बहीण होती. तिला आई कधी रागावल्याचं मला आठवत नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू मिळायचं आणि तिच्या पेडलवर आईनं चुकून जोरात पाय मारला, तर आई तिला नमस्कार करायची.

बाबांची यादी वेगळी होती. राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि रांझीजवळच्या फॅक्टरीत नुकतेच लागलेले माझे बाबाही इकडेच राहिले. तिथे ते लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करत. लेथ ही त्यांच्या लेखी एक मानी बाई होती. तिला सकाळी आधी तेल दाखवायचं, मग हात लावायचा. घरातलं घड्याळ मागे पडलं तरी ते म्हणायचे, ‘नखरे करून राहिली ही.’ रेडिओ खरखरला तरी तेच. म्हणजे हिशेब सरळ होता. आईला ज्यांना ढकलून ढकलून कामाला लावावं लागे ते सगळे पुरुष, आणि बाबांना ज्यांची मनधरणी करावी लागे त्या सगळ्या बायका. हे मला फार लहानपणीच कळलं होतं, पण कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

शहाण्या लोकांना विचारलं की ते म्हणतात, हे सगळं भाषेमुळे होतं. भाषेनं वस्तूला बाई म्हटलं की माणसालाही ती बाई वाटू लागते. असेल. पण आमच्या आजूबाजूला सगळी हिंदी होती, हिंदीत वस्तूंची वाटणी निराळी झालेली आहे, आणि तरी शेजारची चाची आणि माझी आई यांचं हापशाबद्दल एकमत होतं. चाचीचाही दीर तसाच होता. मला वाटतं, माणसाला वस्तूवर रागवायचं असतं, तिला लाडीगोडी लावायची असते, तिच्याकडून काही अपेक्षा करायची असते. नुसत्या लोखंडावर रागावणाऱ्याला लोक वेडं म्हणतात. दिरावर रागावलेलं चालतं.

हे सगळं गंमतीत चाललं होतं तोवर ठीक होतं. मग स्कूटर आली.

त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावावा लागे. बाबांनी सहा वर्षं वाट पाहिली. ती आली त्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आईनं तिला हळदकुंकू लावलं, आणि लावता लावता पुटपुटली, ‘माझ्यासाठी सहा महिनेबी थांबले नव्हते.’ बाबांनी ते ऐकलं नाही. ते स्कूटरच्या फिकट निळ्या रंगाकडे पाहत होते, आणि तसं पाहणं मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं.

फॅक्टरी आमच्या क्वार्टरपासून दहा मिनिटांवर होती. बाबा तिथे सायकलनं जायचे, स्कूटर आल्यावरही सायकलनंच जात राहिले. स्कूटर व्हरांड्यात उभी असायची, जुन्या चादरीच्या झाकणाखाली. ते झाकण आईनंच शिवलं होतं, आरशांना वेगवेगळे दोन खिसे काढून. रविवारी झाकण निघायचं. बाबा तिला पुसायचे, मग एका अंगावर कलती करून अर्धा मिनिट तशीच धरून ठेवायचे, म्हणजे पेट्रोल खाली उतरतं. मग तिला सरळ करून किक मारायचे. पहिल्या किकेला ती सुरू होत नसे. बाबा खाली वाकून हलक्या आवाजात तिच्याशी काहीतरी बोलायचे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या किकेला ती मानायची. त्यानंतर आम्ही तिघं ग्वारीघाटावर जायचो, नर्मदेला हात जोडायचो आणि परत यायचो. सराफ्यातल्या गल्ल्यांत बाबा तिला नेत नसत. तिला गर्दी सोसत नाही म्हणायचे. आईला त्या गर्दीत पायी जाणं सोसतं का, हे कोणी विचारत नसे.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा आईला नोकरी लागली. राइट टाउनमधल्या मुलींच्या एका शाळेला शिवण शिकवायला बाई हवी होती. आईनं लग्नाआधी वर्ध्याला शिवणकामाची परीक्षा दिली होती आणि तिचं सर्टिफिकेट चौदा वर्षं ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली पडलं होतं. ते बाहेर काढलं तेव्हा त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. चौदा वर्षं तिनं शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवले होते, आणि बायका ‘भाभी, ज़रा ढीला कर दो’ म्हणून ते परत आणत. आता तिचं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं. ते नाव ती रोज स्वतःच्या हातानं लिहायची. तिला ती नोकरी मनापासून हवी होती, इतकी की ती घरी त्याबद्दल फारसं बोलतच नसे.

अडचण बसची होती. रांझीहून सकाळी निघणारी बस भरून यायची आणि आमच्या स्टॉपवर थांबली तर थांबायची. आई पाऊण तास आधी जाऊन उभी राहायची तरी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वीस दिवसांत दोनदा तिला उशीर झाला. शाळेच्या बड़ी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, फाटकाशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या असत. दुसऱ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तीसरी बार हुआ तो बहनजी, आप घर पर ही मशीन चलाइए।’ आईनं घरी येऊन हे वाक्य आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि पोळ्या लाटायला बसली. त्या दिवशीच्या पोळ्या एकूण एक गोल होत्या. आई रागात असली की तिच्या पोळ्या फार सुबक होतात.

बाबा तिला सोडू शकत नव्हते, कारण फॅक्टरीचा भोंगा आणि शाळेची घंटा एकाच वेळी व्हायची. म्हणजे सकाळी आई स्टॉपवर बसची वाट बघत उभी असायची, बाबा सायकलवर, आणि स्कूटर घरात चादर पांघरून झोपलेली. हे चित्र मला अकराव्या वर्षीही बरोबर वाटलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली. पाडव्याला आईनं बाबांना ओवाळलं. दर वर्षी ओवाळून झालं की बाबा ताटात पाकीट टाकायचे आणि विचारायचे, ‘बोल, आणखी काय पाहिजे?’ आणि आई म्हणायची, ‘काही नको.’ हा त्यांचा ठरलेला खेळ होता. त्या वर्षी आई म्हणाली, ‘मला स्कूटर शिकवा.’

बाबांच्या डोक्यावर पाडव्याची काळी टोपी होती आणि कपाळावर ओला टिळा. ते हसले. मग आई हसत नाही हे पाहून थांबले.

‘अगं, दुसरं काही माग. तुला तिचा स्वभाव माहीत नाही. ती माझ्याशिवाय कोणाच्याच हाताला दाद देत नाही.’

‘मी शिकली तर ती देईन ना दाद.’

‘नाही देणार. तिचं सगळं मला माहीत आहे. कधी काहून रुसते, कधी काहून अडते. तू गेली घेऊन अन् मधातच बसली ती रुसून, तर काय करशील? अन् बाईला बाईचं पटत नाही, हे मी लेथवर बी पाहून राहिलो.’

फॅक्टरीत लेथवर एकही बाई नव्हती, मग हे त्यांनी कुठे पाहिलं हे मला कळलं नाही. आईनंही विचारलं नाही. ती ‘अच्छा’ म्हणाली, निरांजन विझू नये म्हणून पदर आड धरून ताट आत घेऊन गेली. मला तेव्हा बाबांचा राग आला होता, खरा राग, आणि दुपारचं श्रीखंड मी त्यांच्याकडे पाठ करून खाल्लं.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. आईला भाऊ नव्हता. मलाही नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आई सात वर्षांची असल्यापासून ओवाळत आली होती, आणि मला कळायला लागल्यापासून मीही तिच्या शेजारी उभी राहत होते. दिवस मावळला की आम्ही गच्चीवर जायचो. बिजेची कोर पश्चिमेला नखाएवढी दिसायची आणि बघता बघता खाली जायची. तेवढ्यात ओवाळून घ्यायचं. त्या कोरीला अक्षता टाकायच्या, आणि ओवाळणी म्हणून आई स्वतःच्याच कनवटीची सुपारी ताटात ठेवायची. हे सगळं करताना कोणालाही हसू येत नसे. आभाळातल्या त्या थंड गोळ्याला आम्ही भाऊ म्हणायचो, मामा म्हणायचो, आणि कोणाच्याही भुवया उंचावत नसत.

त्या भाऊबीजेला संध्याकाळ झाली तरी आई गच्चीवर निघेना. तिनं नवी साडी नेसली, ताट तयार केलं आणि मला म्हणाली, ‘स्कूटरवरची चादर काढ.’

मी काढली. आईनं व्हरांड्यात पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि मला हाताशी घेऊन स्कूटरचं पुढचं चाक पाटावर चढवलं. तोंड पूर्वेला आलं. मग ती आत गेली आणि खुंटीवरची बाबांची काळी टोपी घेऊन आली. ओवाळताना भावाचं डोकं उघडं असू नये. टोपी तिनं स्कूटरच्या दिव्यावर बसवली, जरा तिरपी झाली ती नीट केली, आणि टोपीच्या खाली काचेवर कुंकवाचा उभा टिळा लावला. टिळ्याला अक्षता चिकटवल्या. चार खाली पडल्या त्या मी उचलून दिल्या. मला हसू येत होतं आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं की ते जात होतं.

बाबा चहाचा कप घेऊन दारात आले.

‘हे काय करून राहिली?’

‘भाऊबीज.’

‘कोणाची?’

‘माझी. दुसऱ्या कोणाची असन?’

‘अन् वरचा तो चंद्र?’

आईनं निरांजन लावलं. ‘तीस वर्षं ओवाळून राहिली मी त्याला. एक दिवस तरी आला का तो मला शाळेपर्यंत सोडायला? येतो नखाएवढा, अन् अक्षता झेलून पळून जातो. म्हटलं, या वर्षी घरातल्याच कोणाला ओवाळून पाहावं.’

‘अगं पण ती भाऊ कशी होईल?’

‘काहून? चंद्र होतो, अन् हिनं काय घोडं मारलं? तुम्हीच म्हणाले ना काल, बाईला बाईचं पटत नाही. बरोबर आहे तुमचं. म्हणून बदलून घेतलं. बहिणीचं तर ऐकन की नाही तो?’

बाबांनी कप खाली ठेवला. एवढ्यात शेजारची चाची अनरशांची थाळी घेऊन आली, कारण दिवाळीत दोन्ही घरांत फराळाची देवाणघेवाण असायची. ती पायरीवर थबकली. तिनं पाट पाहिला, टोपी पाहिली, टिळा पाहिला. आमच्याकडे वस्तूंना नाती असतात हे तिला नवीन नव्हतं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, ‘अरे वाह भाभी, आपके भैया आए हैं? बताया भी नहीं।’ आणि मागे वळून तिनं आपल्या घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. पाच मिनिटांत आमच्या व्हरांड्यात सात माणसं होती.

आईनं ओवाळलं. सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, निरांजन तीनदा फिरवलं. मग ताट स्कूटरपुढे धरून उभी राहिली.

भाऊबीजेचा हा नियम जगजाहीर आहे. बहीण ताट धरून उभी राहिली की भावानं त्यात काहीतरी टाकायचं. तो टाकत नाही तोवर ती हलत नाही. आईही हलली नाही. दर वर्षी ती स्वतःची सुपारी टाकायची, पण त्या दिवशी सुपारी कनवटीतच राहिली. ज्योत हलत होती. स्कूटर काही टाकेना. चाचीचा नवरा खाकरला. कोणीच हसलं नाही, हीच बाबांची पंचाईत झाली. एखादा जरी हसला असता, तर बाबाही हसून आत गेले असते.

शेवटी चाची म्हणाली, ‘भाईसाहब, बहन थाली लिए खड़ी है। भैया के तो हाथ नहीं हैं। आप ही उनकी तरफ़ से कुछ दे दीजिए।’

बाबांनी खिशात हात घातला आणि एक नोट काढली. आईनं ताट बाजूला घेतलं.

‘हे तुमचं आहे. त्याचं नाही,’ ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, दिव्याच्या काचेकडे बघत होती, आणि निरांजनातलं तेल संपत आलं तरी ताट खाली घेत नव्हती. मला वाटतं, तोवर बाबांना हा आईचा एक नाद वाटत होता. ते ताट खाली येत नाही हे पाहिल्यावर त्यांना कळलं असावं की आईच्या शाळेच्या उरलेल्या सगळ्या सकाळी त्या ताटात आहेत. त्यांनी दुसऱ्या खिशातून स्कूटरची चावी काढली आणि ताटात ठेवली. टाकली नाही, ठेवली. चाचीनं टाळ्या वाजवल्या.

शाळा उघडायला चार दिवस होते. दसऱ्याला जिथे रावण जळायचा त्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. अजून तिथे अर्धवट जळलेल्या बांबूच्या काड्या पडलेल्या होत्या. आईला लहानपणी सायकल येत होती, आणि हातानं एक आणि पायानं दुसरं करायची सवय शिवणयंत्रानं लावलेली होती. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गिअरवर मैदानाला तीन फेऱ्या मारून आली, पदर कमरेला खोचून. ती स्कूटरशी मोठ्यानं बोलायची. ‘चल दादा. हळू दादा. अरे थांब ना बाप्पा.’ बाबा मागून धावत सूचना देत आणि मधेच गप्प होत. इतकी वर्षं ते स्कूटरशी ज्या शब्दांत बोलायचे, ते शब्द मेहुण्याला वापरता येण्यासारखे नव्हते.

तिसऱ्या दिवशी आई पडली. वळताना तिनं ब्रेकऐवजी क्लच दाबला आणि स्कूटर एकीकडे, आई दुसरीकडे. बाबा हात पसरून धावत सुटले. दोघं वेगवेगळ्या दिशांना पडले होते आणि बाबा बरोबर मधल्या रेषेवर धावत होते. अगदी शेवटच्या क्षणी ते आईकडे वळले. आईचं कोपर खरचटलं होतं. ती म्हणाली, ‘दादाला उचला आधी, पेट्रोल सांडून राहिलं.’ तरी ते तिचाच हात धरून बसून राहिले. बाबांवरचा माझा राग त्या मैदानावर गेला.

लायसन्सचं काय, असं विचारू नका. ते पुढे रीतसर काढलं.

शाळा उघडली त्या सकाळी आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. आईनं शाळेची पिशवी खांद्याला लावली, स्कूटर अंगणात आणली, एका अंगावर कलती करून धरली. सरळ केली, किक मारली. काही नाही. दुसरी किक. काही नाही. बाबा सायकल धरून उभे होते आणि त्यांच्या फॅक्टरीचा पहिला भोंगा झाला होता. त्यांचा हात पुढे आला आणि त्यांनी तो मागे घेतला. आई टोपी घातलेल्या माणसाशी बोलावं तशी दिव्याशी वाकून बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तिसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली.

त्या दिवशी बड़ी बहनजी फाटकाशी येण्याच्या आधी आई फाटकाशी होती. संध्याकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसत होती की तिला पाणी प्यावं लागलं. पुढे ती त्या शाळेत कायम झाली आणि एकोणीस वर्षांत तिला पुन्हा कधी उशीर झाला नाही.

क्वार्टरमधली सगळी पोरं स्कूटरला मामाजी म्हणू लागली. बाबांचं फॅक्टरीत काय झालं ते विचारायलाच नको. चाचीच्या नवऱ्यानं सगळीकडे सांगितलं होतं. गेटवर लोक विचारायचे, ‘आज साले साहब कहाँ हैं?’ बाबा म्हणायचे, ‘दीदी को छोड़ने गए हैं।’ सुरुवातीला ते चिडून म्हणायचे. एक-दोन वर्षांनी अगदी साधेपणानं म्हणू लागले. दर भाऊबीजेला पाट मांडला जायचा, टोपी चढायची, आणि मामाच्या वतीनं बाबा ताटात काहीतरी ठेवायचे. गच्चीवर मी एकटी जायचे. चंद्राला अगदीच वाऱ्यावर सोडणं मला बरं वाटत नव्हतं.

आई सगळ्यांना सांगायची, ‘भाऊ असावा तर असा. एक दिवस मधात अडला नाही.’ हे ऐकून बाबा पेपरात तोंड घालायचे. त्याचं कारण मला कॉलेजात असताना कळलं. एका रविवारी मी पहाटे अभ्यासाला उठले आणि व्हरांड्यात आवाज आला. बाबा जमिनीवर बसले होते. मामाच्या बाजूची डिकी उघडी होती, त्यातलं फडकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि ते पान्यानं प्लग काढून पॉलिश पेपरनं घासत होते. आई तेव्हा झोपलेली असायची. दर रविवारी ते हेच करायचे. प्लग, तेल, तारा, चाकातली हवा. कितीतरी वर्षं.

‘आईला सांगितलं का कधी?’ मी विचारलं.

‘काहून सांगायचं? तिचा भाऊ आहे तो. भावानं बहिणीसाठी काय केलं, हे मेहुण्यानं मधात पडून सांगत बसू नाही.’ आणि त्यांनी प्लगवर फुंकर मारली. मी कोणाला सांगितलं नाही.

बाबा रिटायर झाले, मग आई झाली. स्कूटरचा पत्रा खालून गंजून झडायला लागला होता. सुटे भाग मिळेनासे झाले. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. मी तेव्हा माझ्या मुलीला घेऊन माहेरी आलेली होते. आईनं सकाळी दिव्याला टिळा लावला आणि मग आत जाऊन तांदूळ निवडत बसली. भंगारवाला म्हणाला, ‘बाबूजी, डिक्की खाली कर दीजिए।’ बाबांनी डिकी उघडली आणि हातानं आतलं सगळं बाहेर काढलं. पाना, दोन जुने प्लग, पॉलिश पेपरचे तुकडे आणि फडकी. तळाशी कोंबून कोंबून बसलेली, तेलानं काळी झालेली फडकी. वीस-पंचवीस तरी असतील.

मी एक उचललं. ते चारी बाजूंनी दुमडून त्याला टीप घातलेली होती, बारीक, सरळ, एकसारखी. दुसरं उचललं. त्यालाही. गाडी पुसायच्या चिंधीला कोणी शिवण घालत नाही. मी ती बाबांपुढे धरली.

‘ही कुठून यायची?’

बाबांनी खांदे उडवले. ‘डिकीतच राहायची. एक खराब झालं की दुसरं असायचं तिथंच.’

पुरुषाला हाताशी फडकं सापडलं की ते कुठून आलं हा प्रश्न त्याला पडत नाही. एकोणीस वर्षं पडला नव्हता. आता ते ती शिवण बोटानं चाचपून बघत होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

‘अगं,’ त्यांनी आत हाक मारली. ‘अगं, हे फडके...’

आईनं तांदळातून मान वर केली नाही.

‘माझ्या माहेरून यायचे,’ ती म्हणाली.